तुटलेल्या एक्सलचं तोंड

आमच्या लॅबच्या दाराशेजारी एक पाटी आहे. 'नमुना स्वच्छ करून आणावा. गंज, माती, तेल चालणार नाही. तुटकी टोकं ग्राइंडरने घासून सपाट करून आणावीत. नाहीतर नमुना परत पाठवला जाईल.' खाली सही माझी. जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या मिलची रांगच आहे, आणि त्यांची माणसं सळईचे तुकडे चिखलात लोळवून, गॅसकटरने वेडेवाकडे कापून आमच्या टेबलावर आणून टाकायची. मशीनच्या जबड्यात तुकडा धड बसायचा नाही, धर्मराजची बोटं चेमटायची आणि मी ओरडायचो. शेवटी पाटी लावली. तेव्हापासून माझं ओरडणं निम्म्यावर आलं असं धर्मराज म्हणतो. धर्मराज वीस वर्षं ते सळई ताणून तोडायचं मशीन चालवतोय आणि मला अजिबात घाबरत नाही.

त्रिंबक पहिल्यांदा आला तो सोमवार होता. सोमवारी दोन दिवसांचा माल एकदम येतो. टेबलावर चौदा नमुने, फोन थांबायला तयार नाही, एका मिलचा सुपरवायझर रिपोर्टसाठी डोक्यावर बसलेला. दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, हातात काहीच नाही.

"इथं लोखंड तपासत्यात का, साहेब?"

"तपासतात. काय आणलंय?"

"आणलं न्हाई अजून. आधी इचारून घ्यावं म्हणलं. जिपीचा एक्सल हाय. घनसावंगीकून आल्तो. माझ्या पोराची जीप गेल्या वैशाखात..."

"तुकडा घेऊन या, मग बोलू," मी मान वर न करता म्हणालो. "आणि ती पाटी वाचा. तसा आणा. तसा नसला तर मी हातसुद्धा लावणार नाही."

"मला वाचाया येत न्हाई."

"धर्मराज, यांना वाचून दाखव."

धर्मराजने वाचून दाखवली. म्हाताऱ्याने त्याला ती पुन्हा एकदा वाचायला लावली आणि मग बरोबर आहे ना म्हणून स्वतःच तोंडपाठ म्हणून दाखवली. सुपरवायझर हसला. मीही हसलो असेन. नक्की आठवत नाही, पण माझा स्वभाव मला माहीत आहे.

आठ दिवसांनी तो परत आला. आज घाई नव्हती, मी चहा घेत होतो. त्याने घोंगड्याची गाठ सोडली, आतून धोतराचं फडकं काढलं, ते उलगडलं आणि वीतभर लांबीचा लोखंडी तुकडा माझ्यासमोर ठेवला. एका बाजूला चाकाला जोडायची चकती, दुसऱ्या बाजूला जिथून तो तुटला होता ते तोंड. ते तोंड चकाकत होतं. त्यात मला खिडकी दिसत होती.

लोखंड दोन तऱ्हांनी तुटतं, एवढं इथे सांगायला हवं. एक म्हणजे दणक्याने, एकाच झटक्यात. तेव्हा तुटलेलं तोंड सगळीकडे सारखं, खरखरीत असतं. दुसरं म्हणजे थकून. कुठेतरी बारीकशी चीर पडते, चाकाच्या फेऱ्यांबरोबर ती केसाकेसाने आत सरकते, महिने जातात, कुणाला पत्ता लागत नाही. मग उरलेला भाग एक दिवस सोडून देतो. अशा तोंडावर तळं आटताना काठाला ओळी राहतात तशा ओळी असतात. त्या बघितल्या की मी शपथेवर सांगू शकतो की हा एक्सल आधीपासून मरत होता आणि गाडी त्याच्यामुळे गेली. ओळी नसतील तर गाडी आधी आदळली आणि एक्सल त्या दणक्याने तुटला. जे काय असतं ते त्या तोंडावर असतं. म्हणून तुटलेल्या तुकड्याच्या तोंडाला आम्ही बोटसुद्धा लावत नाही. गंज असला तरी असू देतो, चिखल असला तरी तो आम्ही आमच्या हाताने, औषधाने हळूच काढतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, अक्कल आहे का तुम्हाला? हे घासलं कुणी? कुणी सांगितलं होतं घासायला?"

म्हातारा दचकला. मग त्याने हात वर केला आणि दाराकडे बोट दाखवलं.

"त्या पाटीनं, साहेब. बराबर तसंच केलं. तुटकी टोकं ग्राइंडरनं घासून सपाट. वेल्डिंगवाला म्हनला, कशाला घासता बाबा? म्या म्हणलं, जालन्याच्या साहेबाचा हुकूम हाय. मंग रानात मेंढरामागं बसून दोन दिस पालिश पेपर मारला. बिलकुल गंज न्हाई ठिवला."

धर्मराजने मशीन बंद केलं. मी खुर्चीत बसलो.

"काई चुकलं का?" त्रिंबकने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बसा. चहा घ्या. आता सगळं पहिल्यापासून सांगा."

आठ दिवस उशिरा मी त्याचं ऐकायला बसलो.

त्याचा पोरगा बिभीषण घनसावंगी–अंबड रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. घरची मेंढरं त्रिंबककडे, जीप पोराकडे. लग्नसराईचे दिवस, बिभीषण सकाळपासून चार खेपा करून पाचवीला निघालेला. दुपारचं ऊन. त्या खेपेला त्याची सहा वर्षांची लेक छकुली हट्टाने बापाशेजारी बसली होती. समोरच्या घरच्या द्वारकाबाई लग्नाला निघाल्या होत्या, त्या मागे बसल्या. कालव्याच्या पुलाच्या अलीकडे जीप रस्ता सोडून पाण्यात गेली. चार माणसं गेली. छकुली गेली, द्वारकाबाई गेल्या. बिभीषणला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. जीपचं मागचं एक चाक रस्त्याच्या कडेला वेगळंच पडलेलं सापडलं, एक्सलच्या तुकड्यासकट. पोलिसांनी ते नेलं नाही, म्हणून त्रिंबकने घरी आणून ठेवलं.

"पोलिसानं लिवलं, डायवरला डुलकी लागली. गावबी तेच म्हनतंय," त्रिंबक म्हणाला. "केस चालू हाय, तिचं होईल ते होईल. पर त्यालाच म्हाईत न्हाई, साहेब. त्याला पूल येताना दिसला एवढं आठवतं. डोळे जड झाल्ते हेबी आठवतं. फुडं एकदम पाणी. मधलं काईच न्हाई. सात म्हैने झाले, बोलत न्हाई, गाडीत बसत न्हाई. दिवाळीच्या पाडव्याला एकच बोलला. म्हनला, दादा, एक्सल आधी तुटला का मंग तुटला? तेवढं कुणी सांगंल का? म्हून हुडकत हुडकत आलो."

पोराला शिक्षा होईल, भरपाई द्यावी लागेल, असली कुठलीच भीती घेऊन तो आलेला नव्हता. आपण आपली लेक मारली की नाही, एवढं त्याच्या पोराला जाणून घ्यायचं होतं. आणि ते उत्तर सात महिने त्यांच्या गोठ्यात, पोत्याखाली नीट जपून ठेवलेलं होतं. पाटी लावून मी ते पुसायला लावलं.

मी हात-पाय मारले. फोटो विचारले. फोटो पुष्कळ होते. बिभीषणच्या बायकोच्या, शालूच्या फोनमधून त्रिंबकने शेजारच्या पोराकरवी ते मागवून घेतले. कालव्यातली जीप, काठावरची गर्दी, पांढऱ्या चादरी. चाकाचा एक होता, पण बाहेरच्या बाजूने. तुटलेल्या लोखंडाचा फोटो कोण काढतो?

मग मी त्याच्यापुढे कागद ठेवला. "तुम्ही ते तोंड सात महिने बघत होतात. घासायच्या आधी कसं दिसायचं ते काढून दाखवा. काळपट डाग होता का? एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला खरखरीत, असं काही?"

त्याने पेन मुठीत धरलं, गोल काढला आणि अर्धा काळा केला. मी विचारलं, नक्की अर्धा? त्याने दुसरा गोल काढला, त्यात फक्त कडेला काळं केलं. मी पुन्हा नक्की का म्हणालो, तर तिसरा काढला, आणि तो जवळजवळ कोराच होता. मग पेन खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "कसं पायजे, साहेब? तुमी सांगा, तसं काढतो."

मी तो कागद घडी करून खिशात टाकला. त्याला म्हणालो, तपासणीला दहा दिवस लागतील. तो समाधानाने गेला. जाताना पाटीकडे बघून त्याने हात जोडले. ते मला बघवलं नाही.

दहा दिवस मी करता येईल ते सगळं केलं. तुकडा मधोमध चिरला, आरशासारखा घासला, मायक्रोस्कोपखाली तास तास बघितला. आतपर्यंत गेलेली एखादी चीर उरली असेल, एखादी तरी. वेल्डिंगवाला कामाचा पक्का होता, त्याने चांगले दोन मिलिमीटर उडवले होते. लोखंड चांगलं, कठीणपणा हवा तेवढा, मालात खोट नाही. याचा अर्थ काहीच होत नाही. चांगलं लोखंडही थकतं.

दुसरं तोंड अजून शिल्लक होतं. एक्सल तुटला की त्याची दोन तोंडं होतात आणि दुसरा भाग जीपमध्येच राहतो. मी रजा टाकून पोलीस ठाण्याच्या आवारात गेलो. जीप बाभळीखाली उभी होती. अपघातानंतर ती जेसीबीला बांधून रस्त्यावरून घसटत आणली होती, ज्या बाजूचं चाक नव्हतं ती बाजू डांबरावर टेकलेली. दुसरं तोंड डांबराने खाल्लेलं होतं. मी गुडघ्यावर बसून टॉर्च मारून बघत होतो तेव्हा हवालदाराने विचारलं, काय हरवलंय का? मी नाही म्हणालो.

परत आल्यावर धर्मराजने दार लावून घेतलं. "साहेब, एक बोलू का? लिवून टाका ना, जुनी चीर होती म्हणून. कुणाचं काय जातंय? पोरगं माणसात येईल."

मी लिहिलंही. टाइप केलं, छापून काढलं. 'एक्सलमध्ये अपघातापूर्वीची चीर आढळली.' एक ओळ. सहीसाठी पेन हातात घेतलं आणि तासभर तसाच बसून राहिलो. प्रामाणिकपणाच्या बढाया मारणाऱ्यांतला मी नाही. मिलवाल्यांच्या किती तरी सळया आकडा जरा इकडे-तिकडे सरकवून पास केल्यात, आणि रात्री झोपही लागली आहे. पण तो पोरगा कागद मागतच नव्हता. त्याला खरं हवं होतं, आणि खरं काय ते मला माहीत नव्हतं. खोट्याला खरं म्हणून त्याच्या हातात द्यायचं आणि त्याने जन्मभर ते उराशी धरायचं, हे मला झेपलं नाही. आणखी एक गोष्ट होती, तीही सांगून टाकतो. बिभीषण ड्रायव्हर होता. त्याने स्वतःच्या हाताने एक्सल बदललेले होते. तो म्हणाला असता, दाखवा कुठंय चीर. याची मला भीती वाटली. कागद फाडून टाकला.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून स्वतः गेलो. चिरलेले दोन्ही तुकडे पिशवीत घेतले आणि घनसावंगीच्या बसमध्ये बसलो. फाट्यावर त्रिंबक उभा होता. मी येतोय एवढंच कळवलं होतं, त्यावरून त्याने काय समजायचं ते समजून घेतलं होतं. चेहरा उजळलेला. मी त्याला बाभळीच्या सावलीत घेतलं आणि सगळं सांगितलं. तोंड घासल्यामुळे काय गेलं, ते का परत येणार नाही, आणि ती पाटी सळयांसाठी होती, तुटलेल्या भागांसाठी नव्हती.

त्याला समजायला वेळ लागला. मग तो खालीच बसला. पटका काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजे त्या तोंडावर लिवलेलं होतं," तो म्हणाला. "आन् म्या पुसलं."

"तुम्ही नाही. मी."

"हात माझे होते ना, साहेब." त्याने एकदम माझा हात धरला. "त्याला सांगू नका. म्या घासलं हे सांगू नका. आईच्यान् सांगू नका. त्यो म्हनंल, बापानंच..." मी कबूल केलं. कबूल करण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच होतं.

घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याचं छप्पर. समोरच्या घराचं दार उघडं होतं, आम्हाला बघून ते आतून लावून घेतलं गेलं. ते द्वारकाबाईंचं. शालूने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. कुणी पाहुणा चांगली बातमी आणतो तेव्हा करतात तशी तिने आत पोह्यांची तयारी ठेवली होती, मला वास येत होता.

बिभीषण मागच्या खोलीतून आला. तिशीचा असेल. मला वाटलं होतं खंगलेला माणूस बघावा लागेल. तसा नव्हता. भांग पाडलेला, धुतलेला शर्ट. माझ्यासाठी तयार होऊन बसला होता.

"झालं का, साहेब?"

"झालं," मी म्हणालो. "पण सांगता येत नाही."

"म्हंजे?"

"तुकड्याचं जे तोंड बघून कळलं असतं, ते खराब झालं. घासलं गेलं. आता ते कुणालाच सांगता येणार नाही. मुंबईला नेला तरी नाही."

"खराब झालं म्हंजे?" हे शालू म्हणाली. तिचा आवाज चढला. "सात म्हैने आमी त्याला बोट लावलं न्हाई. पोरं खेळाया आली तं हाकलून लावली. तुमच्याकडं गेला आन् खराब झाला? कुणी केलं?"

त्रिंबक उंबऱ्यात बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"माझ्याकडून झालं," मी म्हणालो. "माझ्या लॅबमध्ये. चूक माझी आहे."

मी पिशवीतले दोन्ही तुकडे काढून सतरंजीवर ठेवले. बिभीषणने एक उचलला, चिरलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला, दुसरा उचलला, दोन्ही एकमेकांना लावून बघितले. मग खाली ठेवले. शालू आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर तिच्या रडण्याचा. तिला कुणी समजवायला गेलं नाही.

"मंग असं करा," बिभीषण हळू म्हणाला. "मीच मारलं असं लिवून द्या. डुलकी लागली, गाडी आधी गेली, एक्सल मंग तुटला. त्ये तरी लिवून द्या. मला चालंल."

"तेही लिहिता येत नाही. तेही कळत नाही."

"कायतरी एक द्या ना, साहेब." त्याने दोन्ही हात पुढे केले. "दोन्हीतलं कंचंबी. मी सकाळी उठतो तवा म्हनतो, न्हाई, एक्सलच असंल. दुपार झाली की म्हनतो, मीच हाय. रोज. जेवतानी एक, निजतानी दुसरं. छकुलीचं नावबी घेता येत न्हाई मला. कोन म्हून घेऊ? बाप म्हून घेऊ का मारनारा म्हून घेऊ?"

मला रडू आलं. मी रडणारा माणूस नाही, पण आलं. मी म्हणालो, "मला माफ करा." या शब्दांचा काही उपयोग नाही हे म्हणतानाच कळत होतं.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. कुणी आपल्याच वाटेवरचा माणूस भेटावा तसा तो माझ्याकडे जरा सरकून बसला.

"तुकडा घासला गेला तवा," त्याने विचारलं, "तुमाला डुलकी लागली व्हती का, साहेब?"

मी उंबऱ्याकडे बघितलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "जागा होतो. घाईत होतो, रागात होतो. पण जागा होतो."

त्याने मान हलवली. दोन्ही तुकडे उचलून माझ्या पिशवीत नीट ठेवले, पिशवीचे बंद बांधले आणि ती माझ्यापुढे सरकवली.

"मंग तुमचं बरंय," तो म्हणाला. "तुमाला म्हाईत तरी हाय."